‘मी तर मागेच उभा होतो’

एका आईचं पत्र, थोडक्यात: मुलगा 19 वर्षांचा. गावाहून एसटीच्या पासवर तालुक्याच्या कॉलेजात जातो, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. वर्षभरापासून एका ‘भाऊं’च्या ग्रुपमध्ये आहे. फोनवर सतत हिंदी चित्रपटांतल्या हाणामारीचे रील, स्टेटसला डायलॉग. ‘रंग दे बसंती’ बघून जेवताना म्हणाला, “मंत्र्याला उडवल्याशिवाय इथे काही बदलणार नाही.” ग्रुपमधल्या एकाच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापला, त्या फोटोत हा शेजारी उभा. मागच्या महिन्यात एका मोर्चात एसटीच्या काचा फुटल्या. “मी तर मागेच उभा होतो,” म्हणतो. वडिलांचं म्हणणं, “आम्हीही अमिताभचे पिक्चर बघितले, आम्ही कुठे दगड मारले?” आईचा प्रश्न: हे चित्रपटच पोरांना राजकीय मारामाऱ्यांकडे ओढतात का? घरातलं ओटीटी बंद करू का? फोन काढून घेऊ का?

ताई,

तुमच्या पत्रात चित्रपटांबद्दल दीड पान आहे, भाऊंबद्दल चार ओळी आणि एसटीबद्दल एकच वाक्य. मी उलटीकडून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे.

‘मी तर मागेच उभा होतो’ हा त्याला बचाव वाटतोय. पोलीस ठाण्यात ती हजेरीची कबुली ठरते. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 189 प्रमाणे पाच किंवा जास्त माणसं बेकायदा उद्देशाने एकत्र आली की तो बेकायदेशीर जमाव. कलम 190 म्हणतं की जमावाच्या समान उद्देशासाठी त्यातल्या एकाने गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. दगड कुणाच्या हातातून सुटला हा प्रश्न मग मागे पडतो. दंग्याला (कलम 191) दोन वर्षांपर्यंत शिक्षा, हातात घातक हत्यार असेल तर पाचपर्यंत. शिवाय सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा 1984 चा वेगळा कायदा आहे. सार्वजनिक वाहनाची मोडतोड केली तर त्यात सहा महिने ते पाच वर्षं, आग लावली तर दहापर्यंत. नुसता बघ्या हा जमावाचा सदस्य नसतो, हे न्यायालयांनीही मान्य केलेलं आहे. पण आपण बघेच होतो हे सिद्ध होतं खटल्याच्या शेवटी, आणि तोवर पोरगा कोर्टाच्या तारखांना खेटे घालत राहतो.

अशा प्रकरणात एफआयआरमध्ये बहुतेक वेळा चार-सहा नावं असतात आणि पुढे ‘व इतर 40 ते 50 जण’. ते ‘इतर’ नंतर व्हिडिओ आणि सीसीटीव्ही बघून भरले जातात. म्हणून महिना उलटला तरी विषय संपला असं धरू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर दाखल झालेले एफआयआर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून बघता येतात (संवेदनशील गुन्हे सोडून). त्या दिवसाचा एफआयआर काढा आणि वाचा. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आलीच तर टाळू नका. ठरल्या वेळी, वकिलाशी आधी बोलून जा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि 15100 ही मोफत हेल्पलाइन आहे. अटकेतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि गुन्हा दाखल झालेला असेल तर घाबरून त्याला फोन पुसायला लावू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा होतो.

इथे ग्रुपमधलं एक वाक्य तुमच्या कानावर येईल: ‘भाऊ केस काढून घेतील.’ हे सगळंच खोटं नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारं अधूनमधून काढतात. पण त्यांना जीवितहानी आणि नुकसानीच्या अटी असतात, अर्ज सरकारी वकिलाला करावा लागतो आणि न्यायालयाने संमती दिली तरच खटला मागे जातो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं कलम 360). भाऊंच्या एका फोनने यातलं काही होत नाही. तोवर पासपोर्ट हवा असेल तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते, आणि सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) ‘कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का’ असं स्पष्ट विचारलेलं असतं. तिथे लपवलं तर लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. अशा ग्रुपमध्ये पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं हमखास असतात. हा परिच्छेद त्यांनाही वाचायला द्या.

तलवारीचा केक थोडक्यात. अशा प्रकरणांत शस्त्र कायद्याची कलमं 4 आणि 25, जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याची 37 आणि 135 लावली जातात, आणि पोलिसांना पुरावा शोधत हिंडावं लागत नाही, तो स्टेटसलाच असतो. त्याला एवढंच विचारा की तलवार कुणाची होती आणि केक कापून झाल्यावर ती कुणाच्या घरी गेली. याचं उत्तर तुमच्या घरी असेल तर आज रात्रीच हालचाल करा.

आता चित्रपट.

हिंदी चित्रपट राजकीय हिंसेचं उदात्तीकरण करतात का? करतात, आणि आजपासून नाही. 1984 च्या ‘इन्किलाब’मध्ये अमिताभचा नायक मुख्यमंत्री होतो आणि आपलं अख्खं मंत्रिमंडळ मशिनगनने संपवतो. तुमच्या यजमानांच्या ‘आमच्या वेळच्या’ चित्रपटांतलाच तो एक आहे. कायदा हरला की नायकाने हत्यार उचलायचं, हा साचा तेव्हापासून चालू आहे आणि अजून चालतो.

पण तुमच्या मुलाने जे उदाहरण दिलंय ते नीट बघा, कारण तो स्वतःच्या बाजूने चुकीचा साक्षीदार घेऊन आलाय. ‘रंग दे बसंती’त मित्र आधी इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन शांतपणे बसतात, लाठीमार होतो, मग ते संरक्षणमंत्र्याला गोळ्या घालतात. इथपर्यंत त्याला पाठ आहे. पुढे काय होतं? ज्या मंत्र्याला उघडं पाडायचं होतं तो मेल्यावर हुतात्मा ठरतो. हत्येने काहीच साधलं नाही म्हणून तर त्यांना रेडिओ केंद्रात शिरावं लागतं, आणि खरं काय ते माइकवर सांगावं लागतं. मग सगळे मरतात. चित्रपट या मरणावर भरपूर सुंदर प्रकाश टाकतो आणि संगीतही वाजवतो, तेव्हा उदात्तीकरणाचा आरोप त्याला चुकत नाही. पण ‘मंत्र्याला उडवलं की बदलतं’ हे त्या पटकथेतच खोटं पडलेलं आहे.

प्रेक्षकांनी काय उचललं तेही बघा. चित्रपट लागला 26 जानेवारी 2006 ला. पुढच्याच महिन्यात जेसिका लाल खून खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले आणि दिल्लीतली तरुण मंडळी इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन जमली. पडद्यावर मेणबत्तीही होती आणि पिस्तूलही. त्यांनी मेणबत्ती घेतली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. त्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला आणि ‘गांधीगिरी’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. म्हणजे चित्रपटाचा परिणाम होतो, हे तुमचं म्हणणं बरोबर. मात्र एकाच पडद्यावरून माणसं वेगवेगळ्या गोष्टी घरी नेतात. कोण काय नेतो हे तो माणूस कुणात बसतो-उठतो त्यावर बरंचसं अवलंबून असतं.

फरक पडलाय तो रीलने. सुमारे पावणेतीन तासांच्या चित्रपटातून 20 सेकंद कापले की नायकाची चाल, गोळी आणि डायलॉग उरतो. हुतात्मा ठरलेला मंत्री, रडणारी आई, शेवटचा कमांडोंचा गोळीबार हे सगळं कापलेल्या भागात राहतं. चित्रपट प्रमाणन मंडळाच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय की हिंसेसारख्या समाजविघातक कृत्यांचं उदात्तीकरण किंवा समर्थन होता कामा नये, आणि हेही लिहिलंय की चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून जोखावा. पूर्ण चित्रपटाला हे लागू. त्यातून कुणीतरी कापलेला तुकडा, मागे वेगळं गाणं आणि वर भाऊंचा फोटो लावलेला, कुठल्याच मंडळासमोर जात नाही. तुमचा मुलगा बहुधा चित्रपट बघतच नाहीये. तो तुकडे बघतोय. (वाचकांपैकी ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी: 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झालेत, ते बघून ठरवा. पण 19 वर्षांच्या मुलाला प्रमाणपत्र अडवत नाही.)

वडिलांच्या वाक्याकडे येऊ. 1983 मध्ये फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकी अभ्यासकाने एक निरीक्षण मांडलं, ते पुढे अनेकांनी तपासलं: माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, आपल्यावर नाही, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. यजमानांना वाटतं आम्हाला काही झालं नाही, तुम्हाला वाटतं मुलाला होतंय, आणि मुलाला विचारा, तो म्हणेल ‘माझं काही नाही, ग्रुपमधल्या बाकीच्यांचं बघा’. शिवाय ‘आम्ही दगड मारले नाहीत’ यावरून चित्रपट निरुपद्रवी होते एवढाच निष्कर्ष निघतो असं नाही. तेव्हा त्यांच्या हातात दगड देणारं कुणी नव्हतं, असाही निघतो.

आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा 1965 चा एक प्रयोग आहे. लहान मुलांना एक फिल्म दाखवली, त्यात मोठा माणूस एका फुगीर बाहुलीला बडवतो. एका गटाला त्या माणसाला बक्षीस मिळताना दाखवलं, एकाला शिक्षा होताना, एकाला काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं की जे बघितलं ते करून दाखवा, खाऊ मिळेल. तेव्हा तिन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे शिकली सगळीच होती; करून दाखवायचं की नाही हे बक्षिसावर ठरलं.

तुमच्या गावात बक्षीस कोण वाटतंय? पोराच्या गाडीत पेट्रोल कोण टाकतं, ग्रुपचे टी-शर्ट कुणी छापले, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याचा चेहरा कुणी लावला, मोर्च्याच्या दिवशी गाड्या आणि जेवण कुणाचं होतं? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला चौकात स्वतःचा फोटो दिसणं ही साधी गोष्ट नाही. घरात, वर्गात, कुठेही त्याला इतकं मोठं कुणी म्हटलेलं नसतं. डायलॉग चित्रपटाचा असेल, पण भूमिका वाटप भाऊंकडून होतंय. गंमत म्हणजे हिंदी चित्रपटांनी हेही दाखवून ठेवलंय: 1985 च्या ‘अर्जुन’मध्ये सनी देओलच्या बेकार तरुणाला एक पुढारी हवा तितका वापरतो आणि नंतर वाऱ्यावर सोडतो. 2004 च्या ‘युवा’त पुढाऱ्यासाठी मारामाऱ्या करणारा लल्लन तुरुंगात जातो, आणि निवडणूक लढवणारे विद्यार्थी विधानसभेत. त्या तुकड्यांचे रील फारसे फिरत नाहीत, एवढंच.

रील कुठले आहेत ते मात्र एकदा तपासा, कारण सगळे सारखे नसतात. जुन्या साच्यात शत्रू म्हणजे भ्रष्ट मंत्री. तो लांब असतो, बंदोबस्तात असतो; पोराचा राग तिथवर पोचत नाही. हल्लीच्या बऱ्याच तुकड्यांत शत्रू एक माणूस नसून अख्खा समाज असतो, आणि तो समाज दोन गल्ल्या सोडून राहतो. मंत्र्याबद्दलच्या डायलॉगला मी आठवडाभर थांबेन. शेजाऱ्यांबद्दलच्या स्टेटसला थांबणार नाही. दुसरी खूण पैशाची: कमाई नसताना नवा फोन, नवे बूट, खिशात नोटा. रात्री फोन आला की न सांगता तडक बाहेर पडणं, दुसरं सिम, कोयत्याबरोबरचा फोटो, प्रश्नांऐवजी ठरावीक माणसांची नावं घेऊन बोलणं. यातलं काही दिसलं तर गोड बोलण्याचे दिवस संपले असं समजा. त्याला दोन-तीन महिने मामाकडे, मावशीकडे पाठवणं यात पळपुटेपणा नाही. जागा बदलली की रात्रीचा फोन येऊनही उपयोग नसतो.

ओटीटी बंद करू नका. रील ओटीटीवरून येत नाहीत, आणि फोन काढून घेतलात तर ग्रुपमध्ये दहा फोन आहेत. उलट त्याचं स्टेटस दिसत होतं म्हणून तर तुम्हाला हे सगळं कळलं. ती खिडकी तुमच्याच हाताने कशाला लावता?

त्याऐवजी तोच चित्रपट त्याच्याबरोबर पूर्ण बघा. दोन रात्री करा, मध्यंतरापर्यंत एक आणि पुढे एक. व्याख्यान द्यायचं नाही, तीनच ठिकाणी थांबवायचं. लाठीमारानंतर विचारा: या क्षणी यांच्याकडे आणखी काय मार्ग होते? तो ‘काहीच नाही’ म्हणेल. वाद घालू नका, पुढे चला. मंत्री मेल्यानंतर टीव्हीवरच्या बातम्या चालू असताना विचारा: यांना हवं होतं ते झालं का? रेडिओ केंद्रात विचारा: हे बंदूक न उचलता आधी करता आलं असतं का? इथे बहुतेक आया चूक करतात ती म्हणजे त्याने अर्धं मान्य केलं की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ असं म्हणतात. ते वाक्य गिळा. वडिलांनाही बसवा, पण त्यांना आधी बजावून ठेवा की अमिताभ काढायचा नाही.

चित्रपट संपल्यावर एक खेळ करता येतो. आवडता मारामारीचा रील घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून काय होईल ते कागदावर लिहायला सांगा: जखमीला दवाखान्यात कोणी नेलं, एफआयआर कोणी केला, नायकाच्या जामिनाला कोण उभं राहिलं, वकिलाचे पैसे कुठून आले, तारखेला जायला सुट्टी कोणी दिली, परीक्षा बुडाली का, धाकट्या बहिणीच्या लग्नात हे कुणी काढलं. चित्रपटात एक कट मारला की हे सगळं उडतं. कागदावर उडवता येत नाही. शिक्षकांना वर्गातही हे जमेल; चार-चारचे गट आणि 20 मिनिटं पुरतात.

शेवटची गोष्ट, जी पत्रात नाही. मोर्चा कशासाठी होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. पीकविम्याचा होता, आरक्षणाचा, भरती रखडल्याचा, की एसटीच्या फेऱ्या कमी झाल्याचा? पत्रावरून असं वाटतं की तो राजकारणात पडला हाच तुम्हाला आजार वाटतोय. एकोणिसाव्या वर्षी त्याला गावाचं काहीतरी चुकतंय असं वाटत असेल, तर ते बहुतेक खरंच चुकत असतं. त्या रागाला काम द्या. ज्या एसटीच्या काचा फुटल्या तिच्याच सवलतीच्या पासवर तो कॉलेजला जातो, तर सुरुवात तिथूनच होऊ दे. आगाराच्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज: आमच्या मार्गावर मागच्या तीन महिन्यांत ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, कारण काय. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा. तीन विषय घुसवले की अर्ज अडकतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. आलेला कागद घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं. त्यासाठी मतदार यादीत नाव हवं. नसेल तर नमुना 6 भरा. 21 पूर्ण झाली की तो स्वतः ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो, आणि तेव्हा उमेदवारी अर्जासोबत स्वतःवरचे गुन्हे जाहीर करावे लागतात, हेही त्याला आत्ताच कळू दे.

हे भाऊंच्या ग्रुपइतकं झगमगीत नाही. पहिल्या अर्जाला बहुधा अर्धवट उत्तर येईल, तो चिडेल आणि म्हणेल, ‘बघ, काही होत नाही.’ तेव्हा अपिलाचा अर्ज तुम्ही त्याच्या शेजारी बसून लिहा.

पण आधी आज संध्याकाळी त्याला विचारा, मोर्चा कशासाठी होता रे. आणि तो बोलत असेपर्यंत एसटीचं नाव काढू नका.